मागे तानपुऱ्यावर बसलेला मुलगा

ज्यांच्या मैफलीची तिकिटे आज हा हा म्हणता संपतात, असे एक गायक एके सकाळी माझ्याकडे आले आणि त्यांनी फोटो मागितला तो गुरूंचा नव्हे, स्वतःचा. १९९०च्या दशकात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात ते गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसत. त्या काळातला त्यांचा एकही फोटो त्यांच्या घरी नव्हता. "तुम्ही अगदी पुढेच असायचात, तुमच्याकडे नक्की असणार," असे ते म्हणाले तेव्हा मी मान डोलावली खरी, पण मनातून चरकलो.

मैफलीत फ्लॅश मारायचा नाही हा माझा नियम असल्याने कमी उजेडात भागावे म्हणून मी ४०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचे माप) कृष्णधवल फिल्म १६००ची समजून वापरत असे आणि १०५ मिमीची लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ २.५वर ठेवत असे. पंधरा-सोळा फुटांवरून अशा वेळी जेमतेम फूटभर खोली स्पष्ट येते; बुवांचा चेहरा साधला की त्यांच्या मागे दोन-तीन फुटांवर बसलेला शिष्य धूसर होतो. जो काही उरे, त्यालाही मी प्रिंट काढताना एन्लार्जरखाली निर्विकारपणे कापून टाकत असे.

दुपारभर आम्ही दोघे कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या चौकटींचे छोटे छाप असलेले कागद, भिंगाखाली धरून बसलो. पाकिटांवर बुवांचे नाव, राग, तारीख, तबला आणि पेटी कोणाची हेही होते. तानपुऱ्यापुढे मात्र नुसती रेघ. कुठे गुडघा, कुठे खुंटीवरचा हात, कुठे बुवांच्या खांद्याआडून अर्धे कपाळ. एका चौकटीतली केवळ बोटे पाहून ते म्हणाले, "इथे माझी जोड उतरली होती, आणि बुवांनी मागे वळून पाहिलं होतं." जोड म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा. १९६० साली हांबुर्गमध्ये छायाचित्रकार आस्ट्रिड किर्शहेर यांनी बीटल्सच्या पाच पोरांना जत्रेच्या मैदानावर नेऊन त्यांचे फोटो काढले, तेव्हा त्या पोरांना तिथल्या क्लबांबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांनी मुद्दाम पाहिले होते. माझ्या तर हे गायक डोळ्यांसमोर असूनही नजरेत आले नव्हते.

अखेर सापडला तो फोटो मंचावरचा नव्हताच. रात्रीच फिल्म धुवायची म्हणून रोल संपवण्यासाठी मी ग्रीनरूममध्ये कसेतरी दोन-तीन फोटो काढले होते. त्यांपैकी एकात तानपुऱ्याची कापडी खोळ, गवसणी, मांडीवर तशीच टाकून एक सडपातळ मुलगा भोपळ्यावर वाकला आहे आणि घोडीवरचा, तारांचा नाद खुलवणारा जवारीचा दोरा केसभर सरकवतो आहे. डोळे मिटलेले, कान तारांपाशी. शेजारी दुसरा मुलगा आपला तानपुरा उभा धरून त्याची वाट पाहतो आहे.

त्यांनी भिंग बराच वेळ खाली ठेवले नाही. मग म्हणाले, "दोन प्रिंट काढाल? एक याला पाठवतो. आवाज माझ्यापेक्षा चांगला होता याचा. आता गात नाही." मी पाकीट पुढे ओढले आणि त्या रेघेवर लिहिण्यासाठी दोघांची नावे विचारली. मित्राचे नाव त्यांना लगेच आठवले, आडनावाला मात्र जरा वेळ लागला.