माध्यमाचं विचारलंत म्हणून

गणपतीत घरी आले की आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी विचारतंच. "तू मराठी शाळेतली ना गो? मग बाहेरच्या युनिव्हर्सिटीने तुझं इंग्रजी चालवून कसं घेतलं? आमच्याला इंग्लिश मीडियमला घालू की नको?" मुलगा बहुतेक वेळा आधीच कणकवलीच्या इंग्लिश मीडियमला जात असतो, माझ्याकडून नुसता शिक्का हवा असतो. नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरलेला असतो आणि मी तिची जाहिरात व्हावं असं गुरुजींना वाटत असतं.

कुणी काही चालवून घेतलं नाही. विद्यापीठ स्कॉटलंडमधलं, विषय मत्स्यशेती. अट अशी की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५ हवेत आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांपैकी कशातही ६ च्या खाली चालणार नाही. शाळा कुठल्या माध्यमाची हे फॉर्मवर विचारलेलंच नव्हतं. विचारलं होतं ते पदवीचं माध्यम. पदवी इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठांना परीक्षेऐवजी चालतं. माझ्या विद्यापीठाला चालत होतं. परीक्षेची फी तेव्हा १६ हजारांच्या वर, शिवाय मुंबई गाठायची. पत्र फुकट.

म्हणून पावसाळ्यात कॉलेजात गेले. ऑफिसात लाइट नव्हती. क्लार्कने मी नेलेला मजकूर आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. अध्यापन आणि परीक्षा, दोन्ही इंग्रजीतून झाल्या, एवढंच त्यात होतं. प्राचार्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला आणि 'अध्यापना'भोवती पेन्सिलीने गोल केला.

"परीक्षा इंग्रजीत झाली. शिकवलं कशात, ते तुला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "सर, विद्यापीठाच्या कागदावर माध्यम इंग्रजीच आहे."

"कागदावर आहे. क्रेब्स सायकल मी तुम्हाला मराठीत शिकवलंय. अर्धा वर्ग मालवणीत प्रश्न विचारायचा."

"सगळी कॉलेजं देतात, सर."

"देत असतील."

ते चिडले नव्हते, चिडले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी चहा मागवला, बाबांच्या कलमांची चौकशी केली, आणि लाइट आल्यावर फक्त परीक्षेचा उल्लेख असलेलं पत्र नव्याने टाइप करवून त्यावर सही केली. मी ते पाठवलं. अध्यापनाचा उल्लेख नसल्याने चालणार नाही, परीक्षा द्या, असं उत्तर आलं.

घरी येऊन मी सरांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा पडवीत बसून सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सरांनी खोटा काय सांगितल्यानी?" त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हा वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून वाटतं, की तत्त्व सरांचं होतं आणि त्याचे पैसे भरले आमच्या आंब्यांनी.

परीक्षेत ऐकण्यात ७.५, वाचनात ७, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ५.५ मिळाले. सरासरी येते ६.६२५. ती जवळच्या अर्ध्या गुणावर आणतात, म्हणजे एकूण ६.५. एकूण अट पूर्ण झाली, लेखन अडलं. विद्यापीठाला एकाच विभागाची फेरपरीक्षा चालत होती, म्हणून तेवढं पुन्हा दिलं आणि सुटले.

आता माध्यम. मुंबईची मावसबहीण नर्सरीपासून इंग्लिश मीडियमची. तिला बोलण्यात ८ मिळाले, लेखनात माझ्यासारखीच अडकली. तिथे किमान २५० शब्दांत एक बाजू घेऊन ती शेवटपर्यंत लावून धरायची असते. आम्हा दोघींनाही शाळेत पाठ केलेला निबंध उतरवायला शिकवलं होतं, तिला इंग्रजीत, मला मराठीत. हे मी ऐकवलं की मराठी शाळावाले खूश होतात. पण ऐकण्याच्या भागासाठी तिला काहीच करावं लागलं नाही. मी मात्र कित्येक महिने कानात इयरफोन घालून आंबे पेटीत भरले. तेही खरं आहे.

गावच्या शाळेत माझा सत्कार झाला तेव्हा मी माइकवरून ठोकून दिलं होतं, "मी इथवर पोचले ती मराठी माध्यमामुळेच." टाळ्या पडल्या. त्या पोरीला आज विचारावंसं वाटतं, 'मुळेच' कशावरून गं? घरात बाबांनी जमाखर्चाच्या वहीपासून पंचांगापर्यंत सगळं वाचायला लावलं, त्याचं काय? ती म्हणेल, समोर चौथीची अकरा पोरं बसली होती, त्यांना काय सांगायला हवं होतं? याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि आम्हाला काही पाचवीपासून इंग्रजी नव्हतं. राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून आहे, तेव्हा 'मराठी शाळेत इंग्रजीच नसतं' हे कृपा करून मला ऐकवू नका.

तुमच्या मुलाला कुठे घालायचं ते तुम्ही ठरवा. बाहेर जायचं असेल तर ज्या अभ्यासक्रमाला जायचं त्याच्या पानावरची अट वाचा. एकूण किती हवेत आणि प्रत्येक विभागात किमान किती, हे दोन्ही बघा. आयईएलटीएसचे गुण दोनच वर्षं चालतात, म्हणून फार आधीही देऊ नका. बारावीच्या इंग्रजीचे मार्क काही ठिकाणी धरतात, पण त्यातही बोर्डाबोर्डांत फरक करतात.

सर निवृत्त झाले. नव्या प्राचार्यांनी त्या पत्राचा छापील नमुनाच करून ठेवलाय, मागेल त्याला मिळतो. वर्गात अजून मराठीच चालतं, असं धाकटा चुलतभाऊ सांगतो. गेल्या महिन्यात त्याने फोन करून विचारलं, पत्र घेऊ का. बाबा शेजारीच बसले होते. मी घे म्हटलं.