कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होत होता: वायरिंगमधला दोष शोधण्याचा माझा अनुभव

घरातल्या वायरिंगमुळे कॉम्प्युटर स्लो होतो, असं पुष्कळ जण म्हणतात. डेस्कटॉपच्या बाबतीत तसं सहसा होत नाही. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, घरातल्या एसी विजेचं १२ व्होल्ट डीसी करतो, आणि २३० ऐवजी २१० व्होल्ट आले तरी तो पुढे १२च देतो. प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. वायरिंग खराब असलं की मशीन मंदावत नाही, बंद पडतं. माझ्याकडे तेच चाललं होतं: फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला किंवा इस्त्री लावली, की मधूनच स्क्रीन काळी आणि पुन्हा बूट.

सगळ्यात आधी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर, आयडी ४१ अशा नोंदी होत्या. ही नोंद एवढंच सांगते, की मशीन रीतसर शटडाउन झालं नाही. कामाची माहिती डिटेल्समध्ये असते. तिथे बगचेककोड (विंडोज कोसळल्याचा एरर नंबर) ० असेल तर ब्लू स्क्रीनची नोंद झालेली नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली. नोंदींच्या वेळा फ्रिज-इस्त्रीच्या वेळांशी जुळत होत्या. गेम किंवा रेंडरिंग सुरू केल्यावरच असं होत असतं, तर मी आधी एसएमपीएसवर संशय घेतला असता. मग जाड वायरचं एक्स्टेन्शन दुसऱ्या सर्किटवरून ओढून मशीन त्यावर चालवलं. रीस्टार्ट थांबले. मशीन ठीक, लाइन खराब.

बोर्डावरचे एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारे स्विच) एकेक करून पाडून कुठले पॉइंट बंद होतात ते कागदावर लिहून काढलं. फ्रिज, इस्त्रीचा पॉइंट आणि कॉम्प्युटरचं टेबल, तिन्ही एकाच सर्किटवर, आणि तिन्ही लाइनच्या शेवटच्या टोकाला.

आता मोजमाप. साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराचा डिप, म्हणजे व्होल्टेजची घसरण, त्यात पकडला जात नाही. म्हणून लोड स्थिर हवा. मी शेवटच्या सॉकेटवर २००० वॅटचा हीटर लावला, म्हणजे साधारण ८ अँपिअर. हीटर बंद असताना सगळीकडे २३१ व्होल्ट होते. चालू केल्यावर मेन बोर्डावर २२९, पहिल्या सॉकेटला २२८, दुसऱ्याला २२६ आणि तिसऱ्याला, म्हणजे टेबलाजवळ, एकदम २१२.

हा १४ व्होल्टचा खड्डा वायरच्या लांबीने पडू शकत नाही. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. २० मीटरची लाइन धरली तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा ओहम; ८ अँपिअरला ४ व्होल्ट पडणार. बोर्डापासून टेबलापर्यंत १७ पडत होते (२२९ वरून २१२); त्यातले उरलेले १३ व्होल्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या सॉकेटच्या मधल्या कुठल्यातरी जॉइंटमध्ये जात होते. १३ गुणिले ८, म्हणजे शंभर वॅटच्या वर उष्णता, भिंतीतल्या एका डबीत! कॉम्प्युटर बाजूला ठेवा, ही आग लागण्याची गोष्ट आहे.

मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून इलेक्ट्रिशियनने डबी उघडली. न्यूट्रलच्या वायरी नुसता पीळ देऊन टेपने गुंडाळलेल्या होत्या. टेप कडक होऊन तडकली होती, तांबं काळं पडलं होतं आणि पीळ बोटाने हलत होता.

मग प्रश्न येतो, २१२ व्होल्टला मशीन बंद का पडावं? त्याने पडत नाहीच. चांगला एसएमपीएस १८० व्होल्टलाही चालतो. पण फ्रिजची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, इस्त्रीही बराच ओढते, आणि तापलेला, सैल जॉइंट अशा झटक्याला क्षणभर सुटतो. एसएमपीएसमधला कॅपॅसिटर वीज नसताना मशीन साधारण १६ मिलिसेकंद तगवतो. ५० हर्ट्झवर एक सायकलच २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक पूर्ण सायकल हुकली की खेळ संपला. जुन्या एसएमपीएसचा कॅपॅसिटर सुकत जातो, त्यामुळे जे झटके पूर्वी पचत होते तेच पुढे नडतात.

दुरुस्तीत काळं तांबं कापून टाकलं, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर नव्याने सोलली आणि स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट बसवली. इन्सुलेशन स्क्रूखाली अडकत नाही ना, हे पाहणं महत्त्वाचं. त्यानेही पुन्हा सैल कनेक्शनच तयार होतं. हीटर लावून परत मोजलं: २२५. शिवाय टेबलासाठी बोर्डापासून २.५ चौरस मिमीची वेगळी फेज, न्यूट्रल आणि अर्थ ओढून १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी लावून घेतला. स्विच ऑन करताना एसएमपीएस क्षणभर मोठा करंट खेचतो. बी टाइप एमसीबी कमी झटक्यालाच पडतो, त्यामुळे तो त्याला कधीकधी पडतो.

यूपीएस मी शेवटी घेतला. आधी घेतला असता तर दोष झाकला गेला असता आणि जॉइंट तापतच राहिला असता. निवडताना व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) मोठा आकडा पाहू नका, वॅट पाहा. एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (करंट व्होल्टेजच्या लाटेबरोबर ओढणारं सर्किट) असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे मेनसारखी गुळगुळीत लाट देणारा घ्या. काही एसएमपीएस चौकोनी वेव्हवर गेल्या क्षणी बंद पडतात. लेझर प्रिंटर बॅटरीच्या आउटलेटवर अजिबात नको, त्याचा टोनर कागदावर वितळवणारा फ्यूजर तापताना शेकडो वॅट ओढतो. राउटर मात्र नक्की ठेवा. त्याच्या छोट्या ॲडॅप्टरला डिप सोसत नाही, तो रीस्टार्ट होतो आणि लोक नेट स्लो म्हणतात. लॅपटॉपचा वेग खरोखर कमी होऊ शकतो: चार्जरचं कनेक्शन सैल असलं की तो बॅटरीवर जातो आणि प्रोसेसर स्वतःची पॉवर मर्यादित करतो.

अर्थिंगही तपासून घेतलं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा अर्थ तुटलेला असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर अशा वेळी बॉडीवर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज आणतात. सॉकेटवर फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकं आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवं. तसं नसेल तर व्होल्टेजचे मोठे झटके अडवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरचं निम्मं काम बंदच आहे असं समजा.