प्रवाळ पांढरं पडतं तेव्हा
प्रवाळ मेलं म्हणून पांढरं पडतं असं खूप जणांना वाटतं, पण तसं नाहीये. प्रवाळ हा प्राणी, त्याच्या पेशींमध्ये बारीक शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाची बरीचशी एनर्जी, ९० टक्क्यांपर्यंत सुद्धा, तिथूनच येते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा फक्त १ डिग्रीने वाढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की शैवाल बाहेर टाकलं जातं आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. पण जीव अजून असतो! पाणी वेळेत थंड झालं तर तो सावरतो, म्हणून तर आम्ही रिसर्चवाले त्याच त्याच वसाहतींचे परत जाऊन फोटो काढतो, तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं (लॉगर) तिथेच ठेवतो. एक वसाहत मरते, तिच्या शेजारची टिकते, का? मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न छळतो. हवाईत प्रवाळ-संशोधक रूथ गेट्स यांनी अशाच चिवट प्रवाळांवर काम केलं, २०१८ मध्ये त्या गेल्या पण ते काम थांबलेलं नाही. आणि हो, नुसतं प्रवाळ वाचवून भागत नाही, खारफुटी आणि समुद्री गवत गाळ अडवतात, ते गेलं की गढूळ पाणी थेट रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकावर, ऊन अडतं, आणि आधीच अशक्त झालेल्या प्रवाळाला सावरायला चान्सच मिळत नाही.