मर्यादवेलीला हात लावायचा नाही

कारवार, शनिवार रात्र

सकाळची बस धरली. खानापूर, रामनगर, जोयडा करत घाट उतरला आणि पदर अंगाला चिकटायला लागला. महाशिवरात्र होऊन चारच दिवस झालेत, तरी इथे उन्हाळा आलेला आहे. वन्संच्या घराला कुलूप. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू वेळेर गेल्यात." वेळ म्हणजे किनारा, हे आता मला कळतं. पिशवी तिच्याकडे ठेवून तिकडेच गेले. वन्सं वाळूत बसून कात्रीनं काहीतरी कापत होत्या. मला बघून उठल्याही नाहीत. "आलीस? बरं झालं. ती दुसरी कात्री घे."

चहासुद्धा न विचारता. सत्तरीला टेकलेल्या माणसाला काय बोलणार!

रविवार

आज सगळं नीट पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

यांचा गट फार मोठा नाही. बंदरात कारकुनी करून निवृत्त झालेले एक काका, दोन शिक्षिका, कॉलेजची काही मुलं, आणि मासळीचा बाजार आटोपला की येणाऱ्या दोघी-तिघी. दर रविवारी किनाऱ्याचा एक पट्टा साफ करायचा, आणि त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत लोकांना बसण्यासाठी बाग करायची, असा बेत. बाग म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर हिरवळ, कारंजं आणि गुलाबाचे वाफे आले. इथे त्यातलं काहीच नव्हतं. वाळूवर पसरलेली मर्यादवेल होती आणि तिच्यात अडकलेले मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे होते. काल कात्रीनं चाललं होतं ते हेच. वेल ओढायची नाही, नायलॉनचा दोरा तेवढा कापून काढायचा. मुलं घाई करतात, जाळं हिसकतात, आणि त्याबरोबर हातभर वेल उपटून येते. मग वन्संचा आवाज चढतो.

एवढं काय त्या वेलीत, असं मी विचारलं. उत्तर काकांनी दिलं. आपट्यासारखी पानं, जांभळट फुलं, दिसायला अगदी साधी. पण तिचं खोड वाळूवरून सरपटत जातं आणि पेराला पेराला मुळं सोडतं. वाऱ्यानं उडून आलेली वाळू पानांत अडते, साचते, हळूहळू तिचा उंचवटा होतो. पावसाळ्यात लाटा वर चढतात तेव्हा तो उंचवटा आधी मार खातो, मग मागचं. खारा वारा, तापलेली वाळू, गोड्या पाण्याचा पत्ता नाही, आणि तरी ती फुलते. तिला कोणी लावलेलं नाही, कोणी पाणी घालत नाही.

एका भल्या गृहस्थांनी गटाला मदत देऊ केली होती. हिरवळ, रंगवलेली बाकं आणि मधोमध उंच खांबावर मोठे दिवे. त्यासाठी आधी सगळं "साफ" करून जागा सपाट करायची. फुकट मिळतंय तर का नको, असं मलाही वाटलं असतं. पण वाळूत घातलेलं पाणी खाली निघून जातं. हिरवळीला ते रोज घालावं लागेल, तेही एप्रिल-मे महिन्यांत, ज्या दिवसांत इथल्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ होतं. आणि दिवे? या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं घरटी शोधून कुंपण घालतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात ती बहुतेक रात्री, आणि जिकडे जास्त उजेड तिकडे सरपटत जातात. पूर्वी तो उजेड पाण्यावरचाच असायचा. खांबावर दिवे लागले की ती उलटी रस्त्याकडे जाणार. वन्संनी त्या गृहस्थांना घरी बोलावून सोलकढी पाजली आणि नको म्हणून सांगितलं. बाकं मात्र मागून घेतली. नणंद कुणाची!

मग यांनी केलं काय? बांबूच्या खुंट्या ठोकल्या, त्यांना काथ्याची दोरी बांधली, वेलीचा पट्टा राखला. मध्ये दोन ठिकाणी समुद्राकडे जायला वाट ठेवली. एवढंच. आधी लोक गाड्या थेट वाळूवर घालायचे, आता वाटेच्या तोंडाशी लावतात. फलक कोणत्या भाषेत लिहायचा यावर मात्र महिना गेला म्हणे. कन्नड तर हवंच, कोंकणी हवी, देवनागरीत मराठीही हवी, पर्यटकांसाठी इंग्रजी. शेवटी एका विद्यार्थिनीनं पायाच्या चित्रावर लाल फुली मारून दिली. आमच्या भागात भाषेचा प्रश्न इतक्या स्वस्तात सुटलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

झाडं लावणार ती वेलीच्या मागे, आणि ती जूनमध्येच. उंडी, भेंड, करंज, कडेला केवडा. सगळी खारा वारा सोसणारी. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं, होडीच्या लाकडालाही चोळायचे; आता रोपवाटिकेत उंडी मागितली तर पोरगा आपल्या तोंडाकडे बघतो. खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवायचे. तळाशी नारळाची सोडणं उताणी, म्हणजे पोकळ बाजू वर करून रचायची, म्हणजे ती पाणी धरून ठेवतात. वर थोडी माती, शेणखत. मासळीवाल्या म्हणाल्या, आम्ही कुजकी तारली आणून घालतो, माडाला घालतात तशी. शिक्षिकाबाईंनी नाक धरलं. सगळ्या हसल्या, पण ठरलं तसंच.

सुरूची झाडं या किनाऱ्यावर पुष्कळ. ती मूळची इथलीच असं मला वाटायचं, पण ती १८६८च्या सुमारास जळणासाठी म्हणून कारवारकडे आणून लावली. वारा अडवतात, सावली देतात, त्यांच्यात वाऱ्याचा आवाज तर फारच छान येतो. पण खाली काड्यांचा असा थर पडतो की त्यातून दुसरं काही वर येत नाही. काकांना सुरू आवडत नाही, वन्संना आवडते. आज त्यावरून अर्धा तास गेला. मी वन्संच्या बाजूनं. इतकी वर्षं राहिल्यावर झाडाला परकं काय म्हणायचं?

इथल्या मुख्य किनाऱ्याला रवींद्रनाथांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते, तेव्हा तरुण रवींद्रनाथ येऊन राहिले होते. संध्याकाळी तिकडे फिरायला गेलो. जमिनीवर आणून उभी केलेली 'चपळ' युद्धनौका पाहायला ही गर्दी. शेंगदाणे, आइस्क्रीम, पोरांची रडारड. मजा आली. सगळाच किनारा मुका आणि राखीव असावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. एका टोकाला जत्रा असू दे, दुसऱ्या टोकाला वेल.

सोमवार

रात्री कुणीतरी दोरी कापली. दोन खुंट्या उपटून शेकोटीत घातलेल्या. कुणी कापली ते विचारत कोणी बसलं नाही. काकांच्या पिशवीत काथ्याचं दुसरं बंडल तयारच होतं. दुपारच्या बसनं निघाले.

बेळगाव, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेची बैठक आज झाली. वडगावच्या बाजूला नव्या घरांच्या मधोमध राखून ठेवलेली जागा आहे ही, गेली कित्येक वर्षं नुसती पडून. आमच्या गल्लीतल्या उत्साही मंडळींनी तिथे उद्यान करायचं मनावर घेतलंय आणि मीही त्यांच्यात आहे. आराखडा मोबाइलवर आला होता: मेक्सिकन लॉन, फरशीचा गोल, रंगवलेल्या टायरी, आणि फोटो काढायला मोठी चकचकीत अक्षरं. पहिलं काम, जेसीबीनं जागा सपाट करणे.

मी म्हटलं, त्या जागेत आत्ता काय काय आहे ते तरी बघूया की.

"काय असणार ओ काकू, गवत आणि कचरा!"

कचरा आहेच, तो उचलायलाच हवा. पण दूर्वा आहेत, आघाडा आहे, रुई आहे, धोत्रा आहे, कुंपणाला एक बेल आणि दोन करंज आहेत. हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडच्या बायका, मागावर बसणाऱ्या घरांतल्या पोरी, पत्री गोळा करायला तिथेच जातात. गणपतीच्या दिवसांत सकाळी दूर्वांना तिथेच. ही जागा सपाट केली की तीच पत्री खडेबाजारात वाटा करून विकत घ्यायची, आणि ती शिळी असते. शिवाय ही वडगावची काळी माती. ज्या मातीत आपला बासमती पिकायचा, तिच्यात पावसाळ्यात पाणी साचणारच. ते विकतचं लॉन पहिल्या आषाढात कुजेल. दूर्वा तग धरतील, त्यांना सवय आहे.

हे सगळं मी एका दमात बोलले. कारवारचं सांगितलं नाही, नाहीतर "काकू चार दिवस जाऊन आल्या" असं झालं असतं. तरुण मंडळी गप्प झाली. मग एक जण म्हणाला, पण लोकांना बघायला काय छान दिसणार? प्रश्न रास्त आहे. मुलांना खेळायला सपाट जागा हवी, म्हाताऱ्यांना बाक हवा, फरशीची वाट हवी, सगळं कबूल. व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जाणारे आमच्यातलेच आहेत. तिथे कोण कारंजं बघायला जातं? एके काळी देवीची लस जिथे तयार व्हायची, त्या आवाराच्या जुन्या झाडांखाली चालायलाच जातात. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा पलीकडच्या अण्णांनी मान हलवली. अण्णा मान हलवतात तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

ठरलं ते असं. रस्त्याकडची बाजू सपाट करायची, तिथे वाट, बाक, खेळायला मैदान. मागची बाजू, बेल आणि करंजासकट, जशी आहे तशी ठेवायची. फक्त कचरा हातानं काढायचा आणि भोवती दगडांची ओळ घालायची. तिला आत्ताच "पत्रीची बाग" म्हणायला लागलेत. टायरी रद्द झाल्या. चकचकीत अक्षरं राहिली आहेत, ती मला आवडत नाहीत, पण एवढ्यावरून भांडण नको. पाण्यासाठी शेजारच्या घराची बोअर रोज अर्धा तास मिळणार आहे. पावसाळ्यापर्यंत सकाळची पाळी माझी आणि अण्णांची, संध्याकाळची पोरांची. पोरांचं परीक्षेपर्यंत काही खरं नाही.

जेसीबी रविवारी. चालकाला काय ठेवायचं आणि काय नाही हे तोंडी सांगून उपयोग नसतो, म्हणून चुन्याची पिशवी आणून ठेवली आहे. शनिवारी संध्याकाळी स्वतः रेघ मारून येणार. सकाळी सातला येतो म्हणालाय, म्हणजे नऊ. तोवर मी तिथे उभी असेन.