बाळंतविडा २५० रुपयांत: तिसरी नोंद

यंदा नात्यात आणि आमच्या गल्लीत मिळून पाच डोहाळजेवणं. प्रत्येकीला हातानं शिवलेलं काहीतरी द्यायचं आणि एका भेटीवर २५० रुपयांच्या वर जायचं नाही, असं जानेवारीत ठरवलं. दोन भेटी पोचल्या, तिसरी मांडीवर आहे. मागच्या नोंदीनंतर बरंच बदललं, ते लिहून ठेवते.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे भेट आता दोनदा जाते. पहिल्या डोहाळजेवणाला, नागपुरातल्या महाल भागात मावसबहिणीकडे, मी झबली-टोपडी, लंगोट, दुपटं असं सगळं परडीत सजवून नेलं होतं. तिच्या आजेसासूबाईंनी परडी घेतली, झबल्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "शिवलं लय छान बाई, पन लेकरू यायच्या आंधी त्याचं कापड घरात आनत नाही आमी." परडी परत आणली. वाईट वाटलं, पण रात्री विचार केला तेव्हा त्यांचं पटलं. ओटी भरतो ती आईची, मग त्या दिवशी तिच्याच कामाचं काही न्यावं. बाळाचं गाठोडं बारशाला. काही घरांत आधी आणलेलं चालतं, म्हणून आता फोन करून विचारूनच घेते.

आईसाठी मी लांबट उशी करते. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेतली की कंबरेला आराम पडतो, आणि पुढे बाळाला पाजताना तीच हाताखाली येते. आत जुन्या गादीतला कापूस पिंजून, वर सुती साडीचा अभ्रा. सोबत कानाला बांधायचे दोन मऊ रुमाल. बाळंतिणीला ते लागतातच आणि आणायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता बाळाचं. इथं माझा एकच हट्ट आहे: जेवण कधी आहे ते बघू नका, बाळंतपण कधी आहे ते बघा. सातव्या महिन्यात जेवण म्हणजे बाळ पुढच्या दोन-अडीच महिन्यांनी. मावसबहिणीचं जेवण फेब्रुवारीत होतं, बाळ आलं मेमध्ये. नागपूरचा मे, पारा ४५ च्या घरात, रात्रंदिवस कूलर. मी केलेलं दुपटं होतं चार पदरी! ते तसंच घडी करून पडून राहिलं. त्या बाळाला हवी होती एकेरी मलमलची झबली आणि कूलरची ओली हवा लागू नये म्हणून दोन पदरी हलकं दुपटं. पावसाळ्यातल्या बाळाला लंगोटच जास्त द्यावेत, कारण वाळत नाहीत. चार पदरी दुपटं आणि कुंची हिवाळ्यातल्या बाळासाठी.

तिसरी भेट तशीच आहे. जेवण सप्टेंबरात झालं, उशी तेव्हाच दिली. बाळ डिसेंबरात. म्हणून आजीचं नऊवारी सुती लुगडं काढलं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, पण सगळं वापरता येत नाही. खिडकीत उजेडापुढे धरून हात-हात सरकवत पाहिलं. काष्ट्याचा भाग विरला होता, तिथून उजेड आरपार येत होता. खडूनं खुणा करत गेले आणि धड कापड निघालं साडेपाच मीटर. चार मीटर दुपट्याच्या चार पदरांना, उरलेल्यातून कुंचीचं अस्तर. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. काठ मात्र जाड, तो बाळाच्या गळ्याजवळ नको. उसवून दुपट्याच्या कडांना लावला.

दुसऱ्या दुपट्यात मी कडेनं शिवत आत गेले आणि मधोमध फुगा राहिला. तीन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. या वेळी फरशीवर पदर अंथरले, चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले आणि कच्चा टाका मधून कडेकडे घातला. मग धावदोरा. फुगा नाही.

दोऱ्याची टोकं गाठ मारून बाहेर सोडायची नाहीत, पदरांच्या आत ओढून घ्यायची. सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर रक्त अडतं, आणि ते चटकन दिसतही नाही. बटण कुठंच नाही, बाजूला कापडी बंद. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला.

लंगोटांसाठी गांधीबागेच्या कापडबाजारातून दोन मीटर मलमल आणली. नव्या मलमलीला खळ असते. रात्रभर भिजवून, दोनदा धुऊन, वाळवून मगच कात्री लावा. मी एकदा घाई केली आणि पहिल्याच धुण्यात झबलं दोन बोटं आखडलं.

बाळाच्या डोक्याखाली ठेवतात त्या मोहरीच्या उशीचं माप बऱ्याच जणींनी मागितलंय. मी ती करणं बंद केलंय. पहिलं वर्षभर बाळाला सपाट बिछान्यावर पाठीवर निजवा आणि तोंडाजवळ उशी किंवा सैल पांघरूण ठेवू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून दुपटं देतानाही सांगते: हे मांडीवर घेताना गुंडाळायला आहे, झोपलेल्या बाळावर टाकायला नाही.

हिशेब: मलमल १८० रुपये, दोरा ३०. कुंचीला वरून ओटीत आलेला सुती खणाचा तुकडा. असे तुकडे प्रत्येकीच्या कपाटात पडलेले असतात, ते बाहेर काढा. लुगडं आणि उशीचा कापूस घरचाच. एकूण २१०.

आज कुंचीच्या मानेच्या चुण्या घालायच्या राहिल्यात. चौथं जेवण नोव्हेंबरात, बाळ जानेवारीच्या शेवटी. म्हणजे थंडीत जन्म आणि दीड महिन्यात ऊन सुरू. तिथं दोन पदरी करावं की तीन, यावर अडले आहे. कुणी त्या दिवसांतल्या बाळासाठी शिवलं असेल तर नक्की सांगा. आजीच्या लुगड्याचा अजून थोडा तुकडा शिल्लक आहे.