डिझायनर म्हणून नको, छापणारा म्हणून जा

जुना मित्र टी-शर्ट, मग, बॅगा छापतो. काम वाढलंय, हात कमी पडतायत, आणि एक दिवस तो म्हणतो, "ये की तू पण, डिझाइनचं सगळं तू बघ." बडोद्यात हे आमंत्रण गणपतीच्या तोंडावर येतं, कारण तेव्हाच मंडळांच्या ऑर्डरींनी त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. चित्राची हौस असलेल्या माणसाला याहून गोड वाक्य नाही. पण "डिझाइनचं तू बघ" याचा दुकानातला अर्थ असा, की व्हॉट्सॲपवरून आलेला फाटका लोगो पुन्हा ट्रेस करा, पाठीवरच्या साठ नावांची यादी लावा आणि गिऱ्हाइकाला चौथ्यांदा रंग बदलून द्या. स्वतःचं काही घडवण्याची जागा संगणकासमोर नाही, ती शाई आणि कापड जिथे भेटतात तिथे आहे. जायचं तर छपाईच्या टेबलाशी उभं राहायला मिळेल या अटीवरच जावं.

आपल्या गावाला तर हे मुळीच नवं नाही. राजा रविवर्म्याला त्याच्या चित्रांच्या प्रती छापून घ्यायला सुचवणारे टी. माधवराव बडोद्याचेच दिवाण होते. पुढे 1894 मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि देवादिकांची चित्रं घरोघरी गेली. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. कुठला रंग कुठल्या दगडावर घ्यायचा, कुठला कुणावर चढवायचा, हे ठरवणाऱ्या कारागिराच्या हातात चित्राचा निम्मा जीव होता. आज टी-शर्टवाले त्यालाच सेपरेशन म्हणतात. हे ज्याला येतं, त्याच्यासाठी दुकान म्हणजे स्टुडिओच आहे.

शिकायला सुरुवात स्क्रीन प्रिंटिंगपासून, म्हणजे ताणलेल्या जाळीतून कापडावर शाई दाबण्यापासून करा, जरी मित्राचं बरंचसं काम आता डीटीएफवर (आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने शर्टावर उतरवण्याची पद्धत) होत असलं तरी. ठसठशीत अक्षरं आणि भरीव रंगाला 43T ते 55T मेश (जाळी; आकडा म्हणजे सेंटीमीटरला धागे) चालतो. छायाप्रकाशाचे ठिपके हवे असतील तर 77T लागतो, म्हणजे इंचाला साधारण 195 धागे. इंचातल्या धाग्यांच्या संख्येला चार-साडेचारने भागलं की इंचाला ठिपक्यांच्या किती ओळी ते निघतं, इथे सुमारे 45. ठिपक्यांचा कोन 22.5 अंश ठेवला तर जाळीशी भांडून येणारी लाटांची नक्षी टळते. कितीतरी सुंदर चित्रं केवळ 43T वर बारीक ठिपके छापायला गेल्यामुळे चिखल होऊन बसतात.

जाळीवर इमल्शनचे, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात द्या आणि फ्रेम अंधारात, आडवी, छपाईची बाजू खाली करून वाळवा. बडोद्याच्या पावसाळ्यात इथेच घात होतो. वरून कोरडं वाटतं, आत ओल राहते, आणि चित्राची फिल्म ठेवून लाइट दाखवला (एक्सपोज केलं) आणि पाणी मारलं की अख्खं चित्र बुळबुळीत होऊन वाहून जातं. लोक मग लाइटची वेळ वाढवत बसतात, पण चूक वाळवण्यात असते. बंद खोलीत डीह्युमिडिफायर आणि पंखा हा खात्रीचा उपाय. लाइटची वेळ ठरवायला एकाच फ्रेमवर पुठ्ठा सरकवत पाच पट्ट्या घ्या. जिथे बारीक रेघ उघडते आणि कडाही घट्ट राहते, ती वेळ भिंतीवर लिहून ठेवा. इमल्शनचा डबा बदलला की पुन्हा चाचणी.

छापताना जाळी आणि कापडात 2 ते 3 मिमी अंतर हवं, म्हणजे स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे गेली की जाळी मागून सुटते आणि कड स्वच्छ येते. काळ्या शर्टावर आधी पांढरा थर, तो हाताला चिकटणार नाही इतपत फ्लॅश करायचा (झटपट गरम करून वाळवायचा), मग वरचे रंग. पांढरा थर वरच्या रंगापेक्षा साधारण 0.3 मिमीने आत घ्या, नाहीतर शर्ट जरासा सरकला तरी कडेला पांढरी रेघ डोकावते. मे महिन्यात पाण्याची शाई जाळीतच सुकते. सुकणं लांबवणारा रिटार्डर घाला, प्रत्येक फटक्यानंतर जाळीवर शाईचा थर ओढून ठेवा, आणि चहाला जाण्याआधी स्क्रीन पुसा. प्लास्टिसॉल ही प्लास्टिकची शाई हवेत सुकत नाही, पण ती 160 अंशांच्या आसपास पूर्ण तापलीच पाहिजे. छापील भाग दोन्ही हातांनी ताणून बघा, तडे गेले तर शाई कच्ची आहे.

रंग दोनच आणि नग पन्नासच्या वर असतील तर स्क्रीन परवडतो. चार रंगांचे पंचवीस शर्ट असतील तर चार फ्रेम बनवण्यातच दुपार जाते, तिथे डीटीएफ बरं.

डीटीएफ सोपं दिसतं म्हणून त्यातल्या चुका उशिरा कळतात. फिल्मवर आधी रंग, त्यावर पांढरा, ओल्या शाईवर पावडर, ती वितळवायची, मग शर्टावर साधारण 150 ते 160 अंशांवर 10 ते 15 सेकंद दाब. फिल्म गरम सोलायची की गार झाल्यावर, हे फिल्मच्या जातीवर आहे. पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, तळाशी बसतो. मशीन रविवारभर बंद राहिली की सोमवारी नोझल तुंबलेले. रोज नोझल तपासणी आणि शाई हलती ठेवणं याला सुट्टी नाही. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्के ठेवा. त्याहून ओल जास्त झाली की पावडर नको तिथेही चिकटते आणि चित्राभोवती खरखरीत कणांची कड उमटते.

मराठीत छापणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. छातीवरच्या छोट्या लोगोत "मंडळ" लिहिलं, की त्यातला अनुस्वार एक मिलिमीटरहूनही लहान होतो. तेवढ्या ठिपक्याला पुरेशी पावडर धरत नाही, आणि दोन-चार धुण्यांत त्याचं "मडळ" होतं. अनुस्वार मोठा करा, बारीक रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, किंवा नावामागे एकसंध रंगाची पट्टी घ्या म्हणजे ठिपका त्यातच धरला जातो. फाइल दुसऱ्या मशीनवर पाठवण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदला. नाहीतर फॉन्ट नसलेल्या संगणकावर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि शंभर शर्ट झाल्यावर अध्यक्षांच्या लक्षात येतं.

सब्लिमेशन (उष्णतेने रंगाची वाफ करून ती वस्तूत उतरवणं) फक्त पॉलिएस्टरवर किंवा लेप दिलेल्या मगवर, तेही पांढऱ्या-फिक्याच. सुती शर्टावर ते धुऊन जातं. उलट लाल ड्राय-फिटवर (खेळाच्या पॉलिएस्टर कापडावर) डीटीएफचा पांढरा रंग रात्रीत गुलाबी होतो, कारण उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो. तिथे कमी तापमानाची पावडर वापरून 120-130 अंशांवर दाबा.

मित्राला हो म्हणण्याआधी एक अख्खा दिवस दुकानात काढा, शक्यतो ऑर्डरींच्या गर्दीतला. हीट प्रेसच्या पाच जागी तापमान मोजा. मध्ये 160 आणि कोपऱ्यात 140 असेल तर "कोपरे का सुटतात" या तक्रारींचं उत्तर तिथेच आहे. खराब नगांची पेटी बघायला मागा. उधारीची वही बघा, कोरे शर्ट कुणाच्या पैशाने येतात ते विचारा. हे मित्रावर संशय घेणं नव्हे, तोही तुमच्याकडून हेच विचारण्याची वाट बघत असतो.

आणि कागद करा. भागीदारी कायदा 1932 चा आहे आणि त्याचं 13 वं कलम अशा दोस्तांसाठी फार महत्त्वाचं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर नफा-तोटा समसमान, आणि कामाबद्दल भागीदाराला पगार नाही. म्हणजे तुम्ही दहा तास टेबलावर उभे, तो दोन तास येतो, तरी वाटा सारखाच. शिवाय फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही बांधील असतो. भागीदार होण्याआधीची देणी तुमच्यावर येत नाहीत, म्हणून रुजू होण्याची तारीख आणि त्या दिवशीची देणी-येणी भागीदारीपत्रात हवीत. फर्मची नोंदणीही करून घ्या, नोंदणी नसलेल्या फर्मला बुडालेल्या बिलासाठी कोर्टात जाणं अवघड होतं.

चित्रांचं काय, हे वेगळं लिहा. पगारावर गेलात तर नोकरीत काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. भागीदार असाल तर तसं आपोआप होत नाही, पण मग वाद होतो. हक्क फर्मला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीसाठी काढलेलं काम आणि स्वतःची चित्रमालिका, असे दोन परिच्छेद करा.

तिसरा परिच्छेद वेळेचा. गणपती ते दिवाळी सोडून आठवड्याचा एक ठराविक दिवस, समजा बुधवार, टेबल आणि एक प्रेस तुमची, ऑर्डर कितीही मोठी असो. कोरे शर्ट आणि शाई तुमच्या खर्चाने, वीज आणि जागा दुकानाची. पहिली मालिका तीस नगांची काढा, दोनच रंगांत, 180 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम), बायोवॉश म्हणजे एन्झाइमने धुऊन मऊ केलेल्या सुती शर्टावर. वर एक जादा, एकतिसावा शर्ट छापा, तो उभा अर्धा कापा, एक अर्धा पाच वेळा धुवा, आणि दोन्ही अर्धे काउंटरवर शेजारी शेजारी टांगा.