तुम्ही विचारलंत म्हणून: ती उद्दिष्टं मी अजून का शिकवते

“मॅडम, २०३० आलंच. गरिबी गेली नाही, टीबी गेला नाही. मग २०३० पर्यंत गाठायची ही संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं तुम्ही अजून कशाला शिकवता?” समाजकार्याच्या वर्गातली मुलं हे विचारतात, क्षयरोगाच्या कामातले जुने सहकारी विचारतात, घरी भाऊही विचारतो. मी दरवेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि ते पोचलं नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून आज जरा लांबण लावते.

तुमचं बरंचसं म्हणणं मला मान्य आहे. २०१५च्या तुलनेत टीबीचे नवे रुग्ण २०३० पर्यंत ८० टक्क्यांनी कमी व्हायला हवे होते. आपण तर २०२५ सालीच टीबी संपवू म्हटलं होतं. भारतात २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२३ मध्ये १९५ झाले. म्हणजे घट झाली १८ टक्क्यांच्या आसपास. गरिबीचंही तसंच. या सतरांच्या आधी, २००० साली ठरलेलं, अतिगरिबांचं प्रमाण निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठलं गेलं, पण त्यातला मोठा वाटा चीनचा.

मात्र ‘काहीच झालं नाही’ हे मी ऐकून घेणार नाही. १९९० साली जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटी मुलं दगावली होती. २०१५ साली हा आकडा ६० लाखांच्या आत आला. निव्वळ उद्दिष्टं ठरवल्यामुळे हे झालं असा माझा दावा नाही. पण मोजायचं ठरलं नसतं तर कुठे किती मुलं जातात हे आपल्याला आजही नीट कळलं नसतं.

आणि माझं खरं कारण मोजण्याचंच आहे.

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये हमाली करणारा एक माणूस आमच्याकडे आला तेव्हा त्याचं वजन पार उतरलं होतं. खोकला कित्येक महिन्यांचा. थुंकी तपासली, टीबी निघाला, निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, नोंद झाली, सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट सुरू झाल्या. त्याने एकही डोस चुकवला नाही. सकस आहारासाठी सरकारकडून त्या वेळी मिळणारे महिन्याचे पाचशे रुपयेही, उशिरा का होईना, खात्यात आले. शेवटची थुंकी निगेटिव्ह आली आणि कार्डावर ‘बरा झाला’ असं मीच लिहिलं. महिन्याच्या बैठकीत तो आमच्या यशाच्या आकड्यात गेला. जायलाच हवा होता. तो जगला होता.

नंतर मी त्याच्या घरच्यांची तपासणी झाली का ते बघायला गेले. बायको दारातच म्हणाली, “बसा जी, पण चहा नाही पाजता येणार आज.” मग हळूहळू सगळं निघालं. आमच्याकडे येण्याआधी तो तीन खासगी डॉक्टरांकडे फिरला होता. औषधाच्या बाटल्या, सलाइन, एक सीटी स्कॅन, एका ठिकाणी चार दिवस भरती. थुंकी तपासा असं कुणीच म्हटलं नव्हतं. फुकटची पहिली गोळी तोंडात पडण्याआधी साठ हजार गेले होते. घरात महिन्याला यायचे बारा हजार, तेही तो पोती उचलत होता तेव्हा. गाडी विकली, सावकाराचं व्याज सुरू झालं. अकरावीतली मुलगी इतवारीत कापडाच्या दुकानात उभी राहायला लागली. आणि हा बरा झालेला माणूस पोतं उचललं की धापा टाकायचा.

“आता तो बरा झाला म्हणता नं तुम्ही, मग पोरीले शाळेत टाकू का?” तिने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. माझ्या म्हणण्यावर तिचा विश्वास होता म्हणून विचारत होती. मी काय बोलले ते मला आठवत नाही. उत्तर दिलं नाही, एवढं नक्की.

त्या कार्डावर हे लिहायला रकानाच नव्हता. पण सतरा उद्दिष्टांत टीबीची साथ संपवणं आहे, आणि त्याच कामासाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणात तो आहे. नवे रुग्ण आणि मृत्यू यांच्या बरोबरीने तिथे तिसरं लक्ष्य लिहिलंय: टीबीच्या खर्चाने मोडलेलं कुटुंब एकही नसावं. खर्च आणि बुडालेली मजुरी मिळून वर्षाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा गेला, तर कुटुंब मोडलं असं धरतात. या घराचा पाचवा हिस्सा होतो २८,८०० रुपये. गेले त्याच्या दुप्पट, आणि त्यात मजुरी धरलेलीच नाही. हे लक्ष्य २०२० सालीच शून्यावर यायचं होतं. जिथे जिथे पाहणी झाली, तिथे जवळजवळ निम्मी कुटुंबं या रेषेपलीकडे सापडली. तुम्ही मला नव्या रुग्णांच्या आकड्याबद्दल विचारता, या आकड्याबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही.

नोकरीला लागले तेव्हाची मी म्हणाली असती: आपलं काम रुग्ण बरा करणं, त्याचं घर चालवणं नव्हे. आमच्यातल्या एकेका कर्मचारी बाईकडे एवढे रुग्ण, ती गोळ्या बघेल की कर्ज बघेल? तिचं हे म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. पण मी तिला एवढं विचारते, की खासगी डॉक्टरने पहिल्याच आठवड्यात थुंकीला पाठवलं असतं तर मुलगी शाळेत राहिली असती ना? मग तो खर्च आपल्या कामाबाहेरचा कसा?

मी ती उद्दिष्टं शिकवते ती यासाठी. त्या बाईचा प्रश्न जगाने एका कागदावर मान्य केलाय. पाळलं नाही, हे खरं. पण मान्यच केलं नसतं तर मी बैठकीत कशाच्या आधारावर भांडले असते? “निदानाआधी किती खर्च झाला, हे कार्डावर लिहा” असं मी तिथे अनेकदा म्हटलंय. एक सहकारी म्हणतो, अजून एक रकाना वाढेल, संध्याकाळी घाईघाईत कुणीतरी अंदाजे भरेल आणि त्या मुलीला काही मिळणार नाही. त्याचंही बरोबर असू शकेल. मला तरीही तो रकाना हवा आहे.